माझ्या हातची हुग्गी

गेल्या श्रावणात एका गुरुवारी सकाळी मी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी करून घेतली. त्याच दुपारी जुन्या हुबळीतल्या आमच्या मठात पंगतीला हुग्गी वाढली.

मला पुरुष आवडतात. नवनगरला आमच्या घरी हे कुणाला ठाऊक नाही. काळजी न घेता एक भेट झाली, पुढं ताप आला आणि भीती बसली. दर गुरुवारी मी मठात गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, वाढायचो. ते सोडलं. आपला हात अन्नाला लागू नये असं वाटायचं. प्रसादही घेईना. मठाच्या दाराबाहेरून सद्गुरूंच्या समाधीला हात जोडले, म्हणालो, हा हात चालत असेल तर तुम्हीच बोलवा.

त्या गुरुवारी दवाखान्याच्या दारातून मी मागं फिरलो होतो. बाकावरून हाक आली, "काय रे, मठ इकडं हलवला का?" पंगतीत हमखास दोनदा हुग्गी मागणारे शिंपी, बाबूअण्णा. तपासणीला घाबरणाऱ्या तरुणांना सोबत म्हणून ते तिथं बसतात, हे नंतर कळलं.

"ऊटा आतेनो?" जेवलास का, त्यांनी सवयीनं कन्नडमध्ये विचारलं. तपासणीसाठी उपाशी आलोय, मी म्हणालो.

"या तपासणीला उपास लागत नाही, बाबा."

मग सगळ्यांदेखत, आवाज न उतरवता ते म्हणाले, "मलाही पुरुषच आवडतात. हा विषाणू माझ्या रक्तात कितीतरी वर्षं आहे. रोज गोळी घेतो, कपडे शिवतो, तुमच्या पंगतीत जेवतो. कोण मेलं, सांग?" डब्यातली भाकरी मोडून त्यांनी अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खा. आणि आज वाढणार कोण? तो नवा गडी हुग्गी चमच्यानं मोजतो!"

सद्गुरूंकडे काय मागितलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आत गेलो. अहवाल आला: संसर्ग आहे. समुपदेशक बाई म्हणाल्या, अन्नातून हा विषाणू पसरत नाही. रोज औषध घेऊन रक्तात सापडेनासा झाला की जोडीदारालाही लागत नाही. रक्त निरोगी निघू दे, हे मागणं राहूनच गेलं, असं त्या क्षणी वाटलं. आता वाटत नाही. जे सद्गुरूंवर सोपवायचं ते सोपवलं. वेळेवर गोळी घेणं माझं. अलीकडच्या तपासणीत विषाणू सापडला नाही.

त्या दुपारी मठात मी हात धुतले, वाढायचा डाव उचलला. बाबूअण्णांनी पान पुढं सरकवलं. संपवून पुन्हा सरकवलं. मी पुन्हा हुग्गी वाढली.