दर्शनाच्या मुद्दाम चुका

दर्शना माझ्याशी शेवटचं बोलली ते हॉस्पिटलात, तोंडावरचा मास्क हाताने जरा बाजूला करून. "ओवीला रोज धा मिनिटं द्या. आन मुद्दाम चुका." मला वाटलं, तापात बरळतेय. मी मास्क नीट बसवला आणि औषधं आणायला खाली गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली... माझी बायको, अवघी चौतीस वर्षांची. याला आता दीड महिना होईल.

दर्शना उरणजवळच्या करंजाची. लहानपणी आई मासळी सुकवायला बसली की हिला शेजारी बसवून मोठे बोंबील, लहान बोंबील वेगळे करायला लावायची. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत तिने तेच चालवलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, रोज संध्याकाळी दहा मिनिटं, चार वर्षांच्या ओवीला घेऊन ती फरशीवर बसायची. कधी राजमा आणि चणे एकत्र करून निवडायला द्यायची, कधी डब्यांना झाकणं शोधायची, नाहीतर वाळलेल्या कपड्यांचे ज्याचे त्याचे ढीग. आणि मध्येच भलतंच झाकण भलत्या डब्यावर दाबत राहायची, अगदी भोळा चेहरा करून. ओवी "चूक!" म्हणून ओरडायची आणि हसून हसून लोळायची. मग कसं चुकलं ते आईला समजावून सांगायची, आणि त्यात तिचं बोलणं चालू झालं की थांबायचं नाही.

मला हा सगळा टाइमपास वाटायचा. मी मुळाक्षरांचे तक्ते आणून भिंतीवर लावले होते ना! एकदा माझा भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. दर्शना ओवीसमोर चमचे मोजत होती, "एक, दोन, चार..." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "एवढंही येत नाही का तुला? पोरगी काय शिकणार तुझ्याकडून?" पाहुणे हसले. तिने चमचे गोळा केले. नंतर ओट्याशी भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "ओवी बोलली असती ना. तुमी कशाला बोललात?" मी त्यावर सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

ती गेल्यावर ओवी रडली नाही, पण बोलायचीही थांबली. "विचारलं तरी उत्तर देत नाही हो," बालवाडीतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी घाबरलो. ऑफिसातून लवकर निघून डबे घेऊन बसू लागलो, चुकीची झाकणं लावू लागलो. ओवी माझ्याकडे बघायची, झाकण काढायची, योग्य डब्यावर ठेवायची. तोंडातून शब्द नाही. मला दर्शनासारखं चुकता येत नव्हतं, आणि पोरीला ते कळत होतं. असे कितीतरी दिवस गेले.

पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी इस्त्रीवाल्याने बरेच दिवस त्याच्याकडे राहिलेले कपडे आणून दिले. आम्ही दोघं ढीग करत होतो, माझा आणि ओवीचा. त्या कपड्यांत दर्शनाची पिवळी ओढणी निघाली. खेळाचं भानच राहिलं नाही, आणि ती ओढणी मी माझ्याच ढिगावर ठेवली.

"चूक," ओवी म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"तुमची नाय ती. आईची हाय." तिने दोन्ही ढीग सरकवून मध्ये जागा केली. ओढणी तिथे ठेवली आणि तळहाताने सारखी केली. "हितं."

मी मान खाली घालून रडलो. तिने मला रडू दिलं.

आता कपाटात मधला कप्पा दर्शनाचा आहे, त्यात ती एकच ओढणी. ओवी रोज तिची घडी मोडते आणि पुन्हा घालते. घडी वाकडीच होते. मी काही बोलत नाही.