पापुद्र्यानं वाचलेली काच

इस्पितळाच्या तपासणी विभागात त्याला सगळे पापुद्र्या म्हणत, आणि ते नाव त्यानं स्वतःच्या हातानं कमावलेलं होतं. माणसाच्या अंगातून काढलेली गाठ मेणाच्या वडीत बसवायची, वडी बर्फावर गार करायची, आणि पात्याखाली तिचे असे पापुद्रे काढायचे की फुंकर मारली तर उडून जावेत. मग तो पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलायचा, रंगवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवायचा. काच वाचायची मॅडमनी. ह्यानं नुसतं कापायचं.

पण सव्वीस वर्षं कापत आलेला माणूस नुसता कापत बसतो होय? रंग नीट चढलाय का हे बघायला त्याच्या टेबलावर एक जुना मायक्रोस्कोप होता. त्या निमित्तानं डोळा लावायचा आणि मॅडमच्या आधी निकाल सांगून मोकळा व्हायचा. दहांत आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा तो विसरायचा.

त्याची बायको कपडे शिवायची. तिचा हात चाले त्याच्या दुप्पट तोंड चाले. मापावरून एखादीनं हुज्जत घातली की कात्री आपटून म्हणायची, "चल, चालती हो!" दिवसातून चारदा तरी. हेच शब्द नऊ वर्षांपूर्वी तिनं सख्ख्या धाकट्या बहिणीला ऐकवले. आईचं आजारपण धाकटीनं एकटीनं काढलं होतं. आई गेल्यावर सगळं उरकून ती थोरलीकडे आली, तर थोरलीनं उंबऱ्यातच गाठली, "आईला तूच मारलीस. चल, चालती हो!" धाकटी गेली ती गेलीच.

मग बायकोच्या छातीत गाठ निघाली. ती वडी पापुद्र्यानं दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही. रंगवल्यावर गाठीभोवती तपकिरी ठिपक्यांची नुसती झुंबड. मॅडम म्हणाल्या, "हे अंगातले शिपाई. गाठीवर तुटून पडलेत. चांगली खूण आहे." तीन वर्षं बरी गेली, आणि पापुद्र्याला ते वाक्य पाठ झालं.

चौथ्या वर्षी बायको शिवता शिवता थबकली. हातातल्या सुईला काय म्हणतात तेच तिला आठवेना. मेंदूत तीन गाठी निघाल्या. छातीतला रोग डोक्यात चढला होता. मोठी काढली. दोन लहान खोलवर होत्या, त्या राहिल्या. शुद्ध आली तशी ती म्हणाली, "अहो, धाकटीला बोलवा."

"फोन लावून देतो. बोल की."

"फोनवर नाही. तोंडावर बोलले होते, तोंडावरच परत घ्यायचंय. जीभ चालतेय तोवर बोलवा."

पापुद्र्याला मेव्हणी नकोच होती. तिनं एकदा त्याला चारचौघांत 'मेल्या मांसाची सालं काढणारा' म्हटलं होतं. "आधी काच तर होऊ दे," तो म्हणाला.

काच झाली. या खेपेला मॅडमनी निराळं रसायन लावायला सांगितलं होतं. त्यानंच ते लावलं, कुपीवरचं निराळं नावही वाचलं. मग डोळा लावला आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. सगळी काच तपकिरी! गाठीभोवती, गाठीच्या पोटात, बघावं तिकडे शिपाईच शिपाई. कुपीचं क्षणभर मनात आलं. पण शिपाई तो शिपाई, टोपी कुठली हे कशाला बघा, म्हणून त्यानं ते झटकलं. जिना चढून मॅडमना एका शब्दानं विचारलं नाही.

"पलटण उतरलीय तुझ्या डोक्यात!" घरी येऊन त्यानं सांगितलं. "मागच्यापेक्षा दसपट. आता त्या गाठींची धडगत नाही."

"मॅडम म्हणाल्या असं?"

"मॅडमना काचा देतो कोण? तू बरी हो, मग ताठ मानेनं जाऊ तिच्याकडे. आत्ता बोलावलीस तर म्हणेल, मरायला टेकली म्हणून नरमली."

बायको मानी. ते तिला बरोबर लागलं. "जाऊ मग महिन्याभरानं," ती म्हणाली, आणि धाकटीसाठी निळं कापड बेतायला घेतलं. नऊ वर्षांपूर्वीच्या मापानं.

अकराव्या दिवशी तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि शब्द गेले. उरले फक्त ते, रोज घासून गुळगुळीत झालेले. पाणी हवं असलं तरी "चालती हो", डोकं ठणकलं तरी "चालती हो".

पापुद्र्या तावातावानं वर गेला. "एवढे शिपाई असताना गाठ वाढतेच कशी?"

मॅडमनी तीच काच समोर ओढली. "छातीत पाहिलेत ते लढायला आलेले. या खेपेच्या रसायनानं रंगले ते मेंदूतले राखणदार, आणि त्यांच्याबरोबर रक्तातून आलेले त्यांचेच भाऊबंद. गाठीनं त्यांना फितवलंय. तेच तिला पोसतात, आणि लढणारे आत आलेच तर त्यांना लुळं पाडतात. इतकी गर्दी म्हणजे वाईटच. अहवालात लिहिलंय की मी. वाचला नाहीत?"

"काच वाचली होती," तो म्हणाला.

त्यानं धाकटीला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. शब्द गेलेत हे तिला बाहेरच सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर उशीर का केला तेही सांगावं लागलं असतं. त्यानं नुसतं दार उघडलं.

बायकोनं तिला पाहिलं. डावा हात पुढं आला, डोळे भरले. ओठ कितीतरी वेळ नुसते हलले.

"चल, चालती हो!"

ती स्वतःच दचकली. मान जोरजोरात हलवून पुन्हा बोलायला गेली. "चालती हो! चालती हो!"

धाकटीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "हे ऐकवायला बोलावलंत, दाजी?"

"अगं, तिला तसं म्हणायचं नाहीये. दुसरे शब्दच उरले नाहीत. तिला माफी—"

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"मला कळतं. मी बघूनच ओळखतो."

"हो, तुम्ही बघूनच ओळखता," धाकटी म्हणाली. "आयुष्यभर ऐकतेय."

ती वळली. मागून तेच शब्द, घसा फाटेस्तोवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत तिच्या पाठीवर पडत राहिले.

मग बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "चालती हो."

पाणी हवं असेल म्हणून त्यानं भांडं पुढं केलं. तिनं डाव्या हातानं ते उडवलं. पाणी निळ्या कापडावर सांडलं.