शिवेबाहेरचं पान

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा उठली की माझ्या माहेरी एक दिवस अख्खं गाव घराबाहेर काढतात. त्या सकाळी चुली पेटवायच्या नाहीत, दारं नुसती ओढून घ्यायची आणि शिवेजवळच्या माळावर जाऊन स्वयंपाक करायचा. पूर्वी कधीतरी साथ आली तेव्हा माणसं गाव सोडून तिथे झोपड्या बांधून राहिली होती, म्हणून. साथ कसली होती ते विचारू नये. एक म्हातारा पटकी म्हणतो, दुसरा प्लेग, आणि दोघांचं भांडण जेवणं होईपर्यंत पुरतं.

जेवायच्या आधी पळसाची एक पत्रावळ वाढून शिवेपलीकडे ठेवतात. साथीत गेलेल्यांसाठी, ज्यांना धड खांदाही मिळाला नाही त्यांच्यासाठी. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. नुसतं म्हणायचं, या, जेवा.

करोना आला त्या पहिल्या उन्हाळ्यात गावाने हेच केलं. टीव्हीवर ऊर फुटेस्तोवर सांगत होते, घरात बसा, आणि आमचं शहाणं गाव भांडीकुंडी घेऊन माळावर राहायला. शेवटी पोलिसांनी येऊन सगळ्यांना परत घरी धाडलं. साथीत घरात बसतो तो मरतो, हे त्या हवालदाराला समजावताना माझ्या काकीचा घसा बसला. आई फोनवर मला हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ठसका ऐकून मी घाबरले. त्या वर्षी तिला काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात झालं. मुरबाडहून तिला कल्याणला हलवलं आणि तिथल्या दवाखान्यातूनच परस्पर स्मशानात नेलं. दादाला लांबून दाखवलं. मी आसनगावात सासरी घरात बसून होते.

त्यानंतर काही वर्षं माळावर कोणी गेलं नाही. आणखीही घरांतली माणसं गेली होती, पण गाव नुसतं ‘त्या वर्षी’ म्हणायचं आणि विषय भाताच्या लावणीकडे वळवायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथे तर कितीतरी जणांचं जळलं होतं, तरी कोणी कोणाला विचारत नव्हतं. मला मात्र आईबद्दल बोलायची तहान लागलेली असायची. भाजी निवडतानाही वाटायचं, कोणीतरी नुसतं म्हणावं, तुझी आई असती तर ही जून भेंडी दारातूनच परत केली असती.

यंदा पुन्हा माळावर जायचं ठरलं. जीप धरून मी सकाळीच पोचले. मनात एकच होतं, त्या पानावर आईचा घास असावा. ती साथीतच गेली, तिलाही खांदा मिळाला नाही, मग तिला कोण बोलावणार?

मी हे बोलून दाखवताच दादाने चुलीत सारायला घेतलेलं लाकूड खाली टाकलं.

"आईला शिवेबाहेर जेवाला घालू? ती काय परकी हाय?"

तो रोज तिच्या फोटोचा हार बदलतो. मला त्याचा राग आला, कारण त्याचं मला थोडं पटलं होतं.

पान दरवर्षी काकीच ठेवते. ती आईची थोरली जाऊ. आमचं भांडण ऐकत ती पत्रावळीवर भाकरी आणि वालाचं कालवण वाढत होती.

"ठेव गो," ती मला म्हणाली. "पण इचार कर. माझी आजेसासू या पानावर हाय म्हणतात. तिचं नाव आता कोणालाच ठावं नाय. इथं बोलावली ती गावाची झाली. तुला आई गावाची पायजे का तुझी?"

मला ती माझीच हवी होती. अजूनही हवी आहे. पण नुसती माझी म्हणून जपून ठेवलेल्या आईबद्दल इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडून पानावर ठेवला. दादा तोंड फिरवून उभा राहिला.

काकीने पान शिवेपलीकडे ठेवलं आणि म्हणाली, "या, जेवा." एवढं झालं की माणसं पंगतीकडे वळतात. माझा पाय निघेना.

"आई, ये," मी म्हणाले.

ते काही नाव नव्हतं, त्यामुळे काकीला मला अडवताही येईना. मागे वाढप्यांची गडबड थांबली. मग कोणीतरी हलकेच ‘बाबा’ म्हणालं. एका बाईने आपल्या भावाला हाक मारली आणि ती तिथेच मटकन बसली. हळूहळू माळावर जो तो आपापल्या माणसाला बोलावू लागला. ‘त्या वर्षी’ कोण कोण गेलं, ते मला तेव्हा कळलं.

मग दादा माझ्या बाजूने पुढे गेला, शीव ओलांडून पानासमोर उकिडवा बसला आणि कालवणातली मिरची वेचून बाजूला ठेवली.

"सावकाश जेव," तो म्हणाला. "मग घरला जाऊ."