आबांचा टेस्ट लॅम्प

आधीच सांगते, मीटरवर जे दिसतं त्याच्यापलीकडं मी काही मानत नाही. अमावास्येलाही गाडी बिनधास्त ट्रायलला नेते. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय… पण घडलं ते घडलं.

शिरोली एमआयडीसीत आमचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभं केलेलं. ते गेल्यावर मी चालवायला घेतलं, तर गिऱ्हाईक बाई बघून परत फिरायचं. शेवटी काका म्हणाले, "सर्जेरावांची गाडी तेवढी बघ. न्हाय जमलं तर शटर भाड्यानं देऊन टाकू."

सर्जेरावमामा हातकणंगल्याचे, आबांचे जुने गिऱ्हाईक. इंजिन तापलं की त्यांची गाडी रस्त्यातच बंद पडायची, थंड झाली की मुकाट्यानं सुरू. स्कॅनर क्रँक सेन्सरचं नाव सांगायचा — इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो तो. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तो बदललाही होता. मी मीटर लावला. सेन्सर ठणठणीत! माझा संशय इंजिनामागच्या वळणावर, जिथं वायरींच्या जुडग्याला कुणीतरी प्लॅस्टिकचा पट्टा करकचून आवळला होता. वायर आत तुटलेली असणार, तापली की टोकं सुटत असणार.

"कंपनीचं वायरिंग फाडायचं न्हाय," मामा म्हणाले. "तुझा बा असता तर गोष्ट येगळी."

"नवा सेन्सर घाल आन् सोड की," काका म्हणाले.

आबांचाही नियम होता, खात्री असल्याशिवाय जुडग्याला ब्लेड लावायचं नाही. आणि माझी खात्री ऐन वेळी डळमळली.

आबांच्या फोटोखाली खिळ्याला त्यांचा टेस्ट लॅम्प होता. एक बल्ब, टोकदार सळई आणि बॅटरीला लावायचा चिमटा; चिमटा लावून सळई टेकवली की तिथं करंट आहे का ते बल्ब सांगतो. खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून त्याच्यावर होतं. ते गेल्यापासून तो पूजेपुरताच खाली उतरायचा. का कोण जाणे, तोच काढून घेतला. भर दुपार, इंजिन चालू. सळई जुडग्यावरून फिरवत नेली. वळणावर आली आणि बल्ब पेटला. पुढं सरकवली, विझला. मागं आणली… पुन्हा पेटला.

"चिमटा कुठं लावलायस?" काकांनी विचारलं.

मी खाली बघितलं. चिमटा हवेत लोंबत होता.

काकांनी ब्लेड माझ्या हातात दिलं.

टेप सोडली. पट्ट्याखाली वायरीचं कव्हर शाबूत, आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. खराब तुकडा काढून नवा जोडला, सोल्डर केलं. मामा गाडी पन्हाळ्यापर्यंत चढवून आले.

"येकदा बंद पडली न्हाय," म्हणाले. "आबाची पोरगी हायस खरी."

ऊर असा भरून आला म्हणून सांगू! काकांनी शटरचा विषय परत काढला नाही.

संध्याकाळी लॅम्प बॅटरीला नीट लावून बघितला. पेटेना. बल्ब काढून उजेडात धरला, तर काच काळवंडलेली आणि आतली तार केव्हाचीच तुटलेली.

कागदावर सर्किट काढून काढून थकले, बसत नाही. ऐकणारे म्हणतात, आबांनी फॉल्ट दाखवला. तेवढं मात्र मी मानत नाही. फॉल्ट माझा मी शोधला होता. आबांनी फक्त 'व्हय' म्हटलं.