वलय बघणारे आम्ही तिघं

आकाश बघणाऱ्यांकडं आकाशाचे किस्से फारसे नसतात. वरचं सगळं गेल्या वर्षी जिथं होतं तिथंच यंदाही असतं, त्यात सांगण्यासारखं काय? पण दुर्बीण उघड्यावर मांडली की माणसं येतात, काहीतरी बोलतात आणि निघून जातात. ते बोलणं मात्र साठत राहतं. माझ्याकडं इतकं साठलंय की जरा मोकळं केलेलं बरं.

आम्ही म्हणजे तिघं. जोशी सर, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. सलीमभाई, त्यांचं जुन्या शहरात चष्म्याचं दुकान. आणि मी, चितेगावच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. घरी आई आणि मी, दोघीच. दुर्बीण सलीमभाईंची. तिचा आरसा त्यांनी स्वतः हातानं घासून घासून केलेला. पण ती ठेवलेली असायची आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, कारण तेव्हा तिथं अंधार होता.

आम्हाला नाद ग्रहीय तेजोमेघांचा. नाव फसवं आहे, ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचे वायूचे थर सोडून देतो आणि मधे नुसता गाभा उरतो. त्या सोडलेल्या थरांचा हा मेघ. त्यातला आमचा लाडका म्हणजे अभिजित ताऱ्याजवळचा, वलयासारखा. कुणीतरी सिगारेटचा धूर गोल करून सोडावा आणि तो तिथंच थांबावा, तसा दिसतो. राखाडी, आणि एवढासा.

*

या नावापायी मला काय काय ऐकावं लागलं! खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचं, आम्ही वर बसून कुंडल्या जुळवतो. एकदा त्यांनी जिन्यात गाठून मुलाच्या साडेसातीबद्दल विचारलं. मी म्हटलं, काकू, आम्ही तसले ग्रह बघत नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तेच म्हणते मी. बघत असतीस तर स्वतःचं लग्न नसतं का जमवलं?"

*

एकदा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आले. इथं शास्त्रज्ञ बसतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बरोबर चार-पाच कार्यकर्ते. मोबाईलवर तेजोमेघाचे निळे-तांबडे फोटो बघून आलेले. सरांनी वलय लावून दिलं. त्यांनी डोळा लावला आणि रंग कुठं गेले म्हणून विचारलं. इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, हे सरांनी समजावलं. साहेबांना ते पटलं नाही, पण फोटो काढून घ्यायला ते तयार झाले. तोपर्यंत सलीमभाईंनी दुर्बिणीला झाकण लावलं होतं. त्यामुळं फोटोत झाकण लावलेली दुर्बीण आहे आणि साहेब तिच्यातून मन लावून बघतायत.

जाताना सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "एवढं मोठं काम करता आणि अंधारात बसता. बरं नाय दिसत सर. मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. थोड्याच दिवसांत आमच्या गच्चीला खेटून हायमास्ट दिवा उभा राहिला, खाली त्यांच्या नावाच्या पाटीसकट. राजकारणातल्या माणसानं दिलेला शब्द पाळल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण.

*

मग आम्ही लासूर स्टेशनच्या पुढं, सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर जायला लागलो. सरांच्या गाडीत मागच्या सीटवर दुर्बीण आडवी झोपवायची आणि उरलेल्या जागेत मी अंग चोरून बसायचं.

त्या विद्यार्थ्याची आई, यमुनाबाई. त्यांच्या नवऱ्याला लकवा मारलेला, तो खाटेवरच. त्याचं खाणंपिणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं त्या एकट्याच करायच्या. एका संध्याकाळी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मला बी दावा. सरांनी स्टूल सरकवलं, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं आणि सांगितलं की हा तारा मरायला टेकलाय. किती दिस झाले, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, हजारो वर्षं झाली, आणखी हजारो वर्षं हे असंच चालेल. सरांना वाटलं, एवढं ऐकून बाई थक्क होतील.

त्यांनी डोळा काढला नाही. तशाच म्हणाल्या, "लई हाल हायेत की वो. अन् त्याचं करायला कोण हाय?"

सरांनी जन्मभर पोरांना उत्तरं दिलेली. पण यमुनाबाई उत्तरासाठी थांबल्याच नाहीत, आतून खोकल्याचा आवाज आला होता.

*

मग सरांची नजर गेली. पूर्ण नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला. समोरचं पुसलं जायचं आणि कडेचं दिसायचं. आता मंद तेजोमेघाची गंमत अशी, की सरळ बघितलं तर तो नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की कडेला उजळतो. त्यामुळं वलय सरांना शेवटपर्यंत दिसत राहिलं. समोर ठेवलेला चहाचा कप मात्र सापडायचा नाही.

मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. नंतर एकदा सरांचा फोन आला. हसत हसत सांगत होते. सून पलीकडच्या खोलीत मुलाला म्हणत होती, बाबांना माझं तोंडसुद्धा बघायचं नाही, बोलताना कायम भलतीकडंच बघतात. खरं तर तिचा चेहरा दिसावा म्हणूनच सर तिच्या कानामागं बघत होते.

मी विचारलं, "सर, डोळ्याचं तिला माहीत नाही का?"

"आहे ना. ती म्हणते, मग टीव्हीपुढं बरे बसतात."

हसणं तिथं संपलं. पुढं हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला.

*

सर पुण्याला गेले, गाडी गेली, लासूर बंद झालं. राहिलो सलीमभाई आणि मी, पुन्हा आमच्याच गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या दोरीवर काळी चादर टाकायची, हायमास्टचा उजेड अडवायचा आणि तिच्या आडोशाला वलय शोधायचं. ती चादर लोकांच्या डोळ्यांवर आली. चादरीमागं काय चालतं, हे माझ्या आईला जिन्यात दोघींनी विचारलं. त्या रात्री आई जेवली नाही.

त्याच सुमाराला सोसायटीला नवे चेअरमन आले होते. त्यांनी मीटिंगमधे ठराव मांडला, सातनंतर बाहेरच्या माणसांना गच्चीवर बंदी. मी उभी राहिले. म्हटलं, इतकी वर्षं जोशी सरही बाहेरूनच येत होते, तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

चेअरमन अगदी शांतपणे म्हणाले, "जोशी सरांचं वेगळं होतं, मॅडम."

काय वेगळं होतं ते सगळ्यांसमोर सांगा, असं मी म्हटलं. ते ठरावाचा कागद वाचत राहिले. मी बाकीच्यांकडं बघितलं. त्यातल्या निम्म्यांच्या नाकावर सलीमभाईंनी करून दिलेले चष्मे होते. त्या चष्म्यांतून सगळे फरशीकडं बघत होते.

ठराव पास झाला.

*

सलीमभाईंना सांगायला मी दुकानावर गेले. ते कुणाची तरी फ्रेम सरळ करत होते. काम न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जाने दो मॅडम. हमारे छत पे भी तारा वोइच है."

रविवारी टेम्पोत दुर्बीण चढवली. चेअरमन खाली उभेच होते. कुठं नेताय म्हणून त्यांनी चौकशी केली. लपवण्यासारखं काही नव्हतं, मी सलीमभाईंचा पत्ता सांगितला. जपून न्या, असंही म्हणाले ते.

सलीमभाईंच्या छतावर पाण्याच्या टाक्या, वायरींचं जाळं, डिशच्या छत्र्या. पण पश्चिमेची बाजू मोकळी. दिवेलागण झाली, अभिजित दिसला. मी वलय लावतेय तोवर जिन्यात बुटांचा आवाज आला. एक हवालदार आणि त्यांच्यामागं एक तरुण शिपाई. कंप्लेंट आली होती, या छतावर संशयास्पद नळी बसवलीय म्हणून.

सलीमभाईंनी स्टूल पुढं केलं. हवालदार थोडे घुटमळले, मग टोपी काढून डोळा लावला. वलय त्यांना पहिल्याच झटक्यात दिसलं, ते सगळ्यांना जमत नाही. हे काय आहे, विचारलं. सलीमभाईंनी तारा, त्याचं म्हातारपण, त्यानं सोडलेले थर, सगळं नीट मराठीत सांगितलं. ते ऐकत राहिले. मग शिपायालाही बघायला लावलं.

त्यानंतर कामाचं. सलीमभाईंचं नाव, धंदा. माझं नाव, पत्ता. सिडको म्हटल्यावर हवालदारांनी लिहिणं थांबवलं. तुम्ही तिकडच्या, मग इथं कशा, असं विचारलं. मी म्हटलं, आधी माझ्याच बिल्डिंगच्या गच्चीवर बघायचो, पण तिथं आता यांना यायला बंदी आहे.

त्यांनी बिल्डिंगचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

"मॅडम, हे बोलायला नाय पाहिजे, पण बोलतो," ते आवाज खाली आणून म्हणाले. "या मोहल्ल्यातनं कुणी फोन केला नाय. फोन तुमच्या बिल्डिंगमधनं आला."

सलीमभाईंची मुलगी चहाचा ट्रे घेऊन वर आली होती, ती दारातच थांबली. सलीमभाई पुढं झाले, ट्रेमधला एक कप उचलून त्यांनी हवालदारांपुढं धरला.

"चाय जरा मीठी है साहब. आपको शुगर तो नहीं ना?"