राखणदारावरचं गाणं

आमचा भुताखेतांवर रॅप करणारा ग्रुप पाच वर्षं चालला आणि पाच वर्षांत एकही माणूस घाबरला नाही. आम्ही तिघे. मी ठाण्यातल्या वर्तकनगरचा, दुसरा घोडबंदर रोडच्या टॉवरमधला आणि तिसरा डोंबिवलीचा, ज्याची आई आमच्या गाण्यांतलं शुद्धलेखन तपासून द्यायची. तोंडाला पावडर, डोळ्यांखाली काजळ. रेकॉर्डिंग घोडबंदरवाल्याच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, त्यामुळे प्रत्येक किंकाळीमागे कुणाची तरी गाडी रिव्हर्स होताना ऐकू यायची. सोसायटीच्या गणपतीत गायलो, तर एक चार वर्षांची मुलगी स्टेजवर चढून माझ्या शेजारी नाचायला लागली. कुणाला तरी एकदा खरा घाम फुटावा, एवढीच माझी इच्छा होती.

शहरातली भुतं चालेनात, म्हणून मी गावाकडे वळलो. आमच्या कोकणातल्या गावाच्या वेशीवर एक राखणदार आहे. तो दिसत नाही, पण गावाला सांभाळतो. त्याच्या जागेपाशी माणसं चपला काढतात. मी त्याला सरळ राक्षस करून टाकला:

वेशीवरचा राखणदार, दात त्याचे धारदार,
रोज खातो माणसं चार, तोंडी लावायला लोणचं, सार!

गाणं महिनाभर चाळीस व्ह्यूजवर अडकून पडलं. मग एका आठवड्यात अचानक शंभर झाले. "फॅन मिळाला रे!" म्हणत डोंबिवलीकराने आम्हाला मिसळ खाऊ घातली.

त्याच रविवारी सकाळी बाबांनी तिघांना घरी बोलावलं. बाबा खोपटच्या एसटी डेपोतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. माझ्या गाण्यांबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. पाटावर नारळ मांडलेला होता.

"गाऱ्हाणा घालूचा आसा," ते माझ्या मित्रांना म्हणाले. "मी देवाक सांगतंय, तुमी मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणूचा."

त्यांनी गावाच्या दिशेला तोंड केलं आणि डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घोडबंदरवाला दचकून ओरडला. डोंबिवलीकर "होय महाराज" म्हणाला.

"ह्या माझ्या झिलान तुझ्यार गाणा केल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात गुन्हा लपवायचा नसतो, जसाच्या तसा सांगायचा असतो. म्हणून बाबांनी अख्खं गाणं म्हटलं. सगळी कडवी, कागद न घेता, लोणच्यासकट. दुसऱ्या कडव्यात मी स्वतः हमखास अडखळायचो. ते अडखळले नाहीत. प्रत्येक ओळीमागे माझा ग्रुप "व्हय म्हाराजा" करत होता. खरं सांगतो, आमचा इतका चांगला कार्यक्रम कधीच झाला नव्हता. मी तोंडावर हात दाबून हसू आवरत होतो.

मग वरचे साठ व्ह्यूज कुणाचे ते माझ्या डोक्यात शिरलं. पाठ करायला बाबांनी ते गाणं साठ वेळा ऐकलं होतं.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर घाटातून गाडी काढलेल्या त्या हातांनी नारळ छातीशी घट्ट धरला होता. मला फार लाज वाटली.

"अजाण पोर आसा म्हाराजा! राग धरूचो तर माझ्यार धर, त्याका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" ते दोघे गाढव जोशात ओरडले.

मला दरदरून घाम फुटला. राखणदारावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तरी "नको, नको म्हाराजा!" असं मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो.