जवायाचा वाफा

शेतात तण वाढू देण्याचा पगार घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस.

मी तणनाशकाच्या कंपनीत आहे. गव्हावरचं नवं औषध तपासायचं तर शेजारी-शेजारी दोन वाफे लागतात. एकात औषध फवारायचं, दुसऱ्यात काहीच करायचं नाही. दुसऱ्यात तण जितकं माजेल तितकं पहिल्यातलं औषध उठून दिसतं. मी जागा शोधत होतो, तेव्हा सासरे म्हणाले, "बेसा गावाच्या पुढे आपलं वावर आहे नं. दुसऱ्याच्या दारी काहून जाता?" (सासरी ऑफिसचं काम नेऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

फवारणी झाल्यावर मी सासूबाईंना बजावलं, "आई, या वाफ्यात पाय ठेवू नका. यातलं काही खुडू नका."

"अन त्या दुसऱ्यात?"

"त्यात औषधच नाही. त्याची काळजी नको."

महिन्याभरात दुसऱ्या वाफ्यात चाकवताने गव्हाच्या वर डोकं काढलं. मी दर आठवड्याला जाऊन खुशीत फोटो काढायचो. सासूबाई मात्र वाळत चालल्या होत्या. जाणारी-येणारी प्रत्येक बाई विचारायची, "हे कोनाचं वं?" आणि त्यांना खालमानेनं "जवायाचं" म्हणावं लागायचं.

कंपनीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी प्रताप नगरच्या घरून फोन केला. "आई, उद्या आमचे साहेब वाफे तपासायला येऊन राहिले. वावर जरा नीट दिसू द्या."

"तुमी फिकरच नका करू, बापू." आवाजात इतका उत्साह होता, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फवारलेल्या वाफ्यात लोखंडी चौकट ठेवून तण मोजलं. सहा. त्यांनी समाधानानं मान डोलावली. मग दुसऱ्या वाफ्यात चौकट ठेवली. वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"इथे एकही नाही. यात कोणतं औषध मारलं?"

मागून सासूबाई पुढे झाल्या. "औषध नाही जी. मी अन पाच बायांनी काल दिवसभर निंदलं. जवायाची इज्जत जाऊन राहिली होती."

साहेबांनी चौकट उचलून माझ्या हातात दिली. मग बांधावर बसून पोट धरून हसले. "मावशी, उपटलेलं तण तरी कुठं आहे? निदान वजन करू."

"जाड होतं ते ढोराईले टाकलं. कोवळं चुलीवर शिजून राहिलं. जेवूनच जा."

साहेबांनी चाकवताची भाजी दोनदा मागून घेतली. मी माझी दोन महिन्यांची मेहनत भाकरीसोबत मुकाट्यानं गिळली.

या हंगामात चाचणी पुन्हा लावली, त्याच वावरात. परवा पाहणीला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, "साहेबाचा फोन होता. म्हणे, मावशी, वाफ्याले कोनाचा हात लागू देऊ नका. मी इचारलं, जवायाचाबी नाही?"

"मग?"

"म्हणे, त्याचा तर मुळीच नाही."